महर्षींच्या आतली प्रयोगशाळा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. निवृत्तीनंतर प्रयोगशाळेचं तोंडही न पाहिलेल्या म्हाताऱ्याचे शोधनिबंध अजून धडाधड छापून येतात, हा चमत्कार बघायला चांगली शिकलीसवरलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती. मला पुढचं ठाऊक होतं, म्हणून हसू आवरत नव्हतं.

"प्रयोगशाळा माझ्या आत आहे," डोळे मिटून महर्षी म्हणाले. संस्थेत त्यांना याच नावाने ओळखत. "मी विचारतो, पेशी उत्तर देतात." टाळ्यांचा कडकडाट. पेशींना तोंड नव्हतं म्हणून निभावलं.

त्यांची सून माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. पेशी वाढवायच्या, मेल्या की पुन्हा वाढवायच्या. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे त्याच दुपारी ठरणार होतं आणि निवड समितीत सासरेबुवा होते.

"सूनबाईंच्या नावावर काहीच सापडत नाही," ते माइकवरून म्हणाले. "घरची असली तरी मी पक्षपात करणार नाही." पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेत तिच्या नवऱ्यानेही वाजवल्या.

सून उठली. "बाबा, तुमचा यंदाचा कुठलाही निबंध पडद्यावर उघडा. आता लेखकाच्या नावाशेजारच्या खुणेवर क्लिक करा."

पडद्यावर लांबलचक क्रमांक आला. खाली सुनेचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट.

"आपल्याकडे निबंधावर आद्याक्षर आणि आडनाव, एवढंच छापतात," ती म्हणाली. "लग्नानंतर माझं आणि बाबांचं सारखंच झालं. नावाने शोधलं की माझं काम त्यांच्या खात्यात दिसतं. पण हा क्रमांक प्रत्येक संशोधकाला वेगळा मिळतो, तो नावाचा नाही, माणसाचा असतो. आडनाव बदला, नोकरी बदला, तो तोच राहतो."

दुसरा निबंध उघडला, तिचाच क्रमांक. तिसरा, चौथा, तेच. शेवटी महर्षींचं स्वतःचं एकच उरलं: मित्राच्या निरोपसमारंभातलं भाषण.

"अगं, घरातलंच तर आहे," महर्षी पुटपुटले. माइक चालू होता.

"मग मघाशी घर कुठे गेलं होतं? आणि तुमचं आडनाव लाव म्हणून मागे कोण लागलं होतं?"

मघाचे भक्त आता एकमेकांना सांगत होते, आम्हाला आधीच शंका होती. समितीने महर्षींना बाहेर बसवलं आणि सुनेला आत बोलावलं. नवरा तिच्या नजरेला नजर द्यायला तयार नव्हता.

मंडळी, कुणी न राबता पीक दाखवलं, तर आधी विचारा, पेरणीच्या वेळी याचे हात कुठे होते? तो क्रमांक कुणालाही एका क्लिकवर दिसला असता. पण सगळ्यांचे हात टाळ्या वाजवण्यात गुंतले होते.