उन्हात राहिलेली रेकॉर्ड

आईच्या खोलीला रंग द्यायचा ठरला, तेव्हा सगळ्यात शेवटी निघाली ती तिची पलंगाखालची लोखंडी पेटी. दादाने ती जेमतेम अर्ध्यावर ओढली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय दगड भरलेत का गं यात?"

"तुझी प्रगतिपुस्तकं आहेत," आई खुर्चीतून म्हणाली. "म्हणून जड लागतेय."

दादा त्रेसष्टचा होता. पाणीपुरवठा खात्यात आरेखक म्हणून त्याने जन्मभर नळांचे नकाशे काढले आणि पाच वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. आई चौऱ्याऐंशीची. गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

पेटीत खरोखरच प्रगतिपुस्तकं निघाली. त्यांच्याखाली चादरी, चादरींच्या खाली जुना टॉवेल आणि टॉवेलात गुंडाळलेली एक रेकॉर्ड. कव्हरवरचं नदीकाठचं चित्र पार विटलं होतं, तरी दादाने ते एका नजरेत ओळखलं. आतली तबकडी त्याने अर्धवटच बाहेर काढली. कड एका बाजूला उचललेली, पुढे खाली गेलेली, पुन्हा उचललेली.

"ही अजून आहे?"

"राहिली असेल," आई म्हणाली आणि एकदम खिडकीतून बाहेर बघायला लागली.

त्या रेकॉर्डची गोष्ट दादाने आजवर कोणालाच सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही.

बाबांचा भाड्याने लाऊडस्पीकर देण्याचा धंदा होता. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. तिथे भिंतीला कर्णे टांगलेले, कोपऱ्यात वायरींची भेंडोळी, फळीवर अ‍ॅम्प्लिफायर आणि खाली बॅटऱ्या. घरात पाहुणा आला तर त्याला बॅटरीवर बसावं लागायचं. शाळांचे खेळ, दुकानांची उद्घाटनं, कोणाचा निरोपसमारंभ, जे काम येईल ते बाबा घ्यायचे. दहाव्या वर्षापासून दर रविवारी दादा त्यांच्याबरोबर गाडीत असायचा. वायर कुठून न्यायची म्हणजे कोणी अडखळणार नाही, कर्ण्याचं तोंड कुठे वळवायचं, हे सगळं त्याला पाठ होतं. बाबा बोलायला फार कंजूष. "हं" म्हणाले की चांगलं झालं आणि नुसतं बघितलं की चुकलं.

पण काम संपलं, माणसं पांगली की बाबा एक रेकॉर्ड लावायचे, ही बासरीची. ती गिऱ्हाइकासाठी नव्हती, स्वतःसाठी होती. आवाज बारीक करून, वायर कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळत गुंडाळत ते ती ऐकायचे. मोकळं मैदान, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या आणि ती बासरी. दादाला वाटायचं, जगात याहून भारी काही नाही.

तो पंधरा वर्षांचा असताना एका शाळेच्या खेळांचं काम आलं. बाबा म्हणाले, "रेकॉर्डींची पेटी सावलीत ठेव." दादाने पेटी गाडीच्या टपावर ठेवली, झाकण उघडं टाकलं आणि मुलींची रिले शर्यत बघायला गेला. शर्यत एक होती, पण बघण्यासारख्या मुली बऱ्याच होत्या. तो दोन तासांनी परतला. बाकीच्या रेकॉर्डी आत दाटीने बसल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. बासरीची मात्र वर घाईघाईत खुपसलेली होती. तिने उन्हात अंग सोडलं होतं.

त्या दिवशी बाबांना बासरी लावायला वेळच मिळाला नाही, पाऊण तासात दुसरीकडे पोचायचं होतं. दादाने रेकॉर्ड शर्टाच्या आत लपवून घरी आणली आणि आईपुढे धरली.

आई म्हणाली, "तू जेवून झोप. बघते मी."

सकाळी बाबा पुढच्या खोलीत उभे होते आणि त्यांच्या हातात रेकॉर्ड होती. त्यांनी ती डोळ्यांसमोर आडवी धरली, फिरवली, मग कव्हरात घातली. दादाकडे नुसतं बघितलं. पुढच्या रविवारी दादा चपला घालून गाडीशी उभा राहिला, तर बाबा म्हणाले, "तू घरी थांब." त्याच्या जागी एक पोक्त मदतनीस आला. तो "हं" सुद्धा म्हणायचा नाही. दादाने पुन्हा विचारलं नाही आणि बाबांनी पुन्हा बोलावलं नाही. दादा अभ्यासाला लागला, आरेखक झाला, नोकरी, लग्न, मुलं सगळं रीतसर झालं. बाबांशी वाकडं असं काही नव्हतं. पण दोघांच्या मध्ये नेहमी एक टेबल असल्यासारखं वाटायचं, आणि ते टेबल आपणच आणून ठेवलंय, अशी दादाची खात्री होती.

आता ती रेकॉर्ड समोर आल्यावर त्याला चैन पडेना. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे चौकशी केली, तर त्याने एका बाईंचा पत्ता दिला. या बाईंनी कॉलेजच्या रसायनशाळेत तीस वर्षं नोकरी केली होती. तिथली काचेची भांडी वाळवायची भट्टी मोडीत निघाली, तेव्हा त्यांनीच ती घेतली आणि आता तीत लोकांच्या वाकड्या रेकॉर्डी सरळ करतात. "बाई जरा कडक आहेत," दुरुस्तीवाला म्हणाला, "पण रेकॉर्डशी मऊ वागतात."

लॅबवाल्या बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. छोट्या कपाटाएवढी ती भट्टी, तिच्या डोक्यावर थर्मामीटर, बाजूला बोटभर जाड काचांची चळत. टेबलावर पांढरं सुती कापड होतं. बाईंनी दादाला आधी हात धुवायला पाठवलं.

"कशी वाकली?"

"उन्हात राहिली," दादा म्हणाला. जरा थांबून त्याने पुढे जोडलं, "माझ्याकडून."

बाईंनी रेकॉर्ड सपाट काचेवर ठेवली, कडेला डोळा लावला आणि बोटाने हलकेच दाबून बघितली. "हो, ही लाट उन्हाची. ही काही नाही, जाईल. दोन काचांच्या मध्ये ठेवायची, पंचावन्न अंशांवर दोन तास ऊब द्यायची, मग भट्टी बंद करून तशीच राहू द्यायची. लोक घाई करतात, दार उघडतात, म्हणून वाटोळं होतं. गरम करणं सोपं, गार करणं कठीण."

मग त्यांनी रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली. खणातून भिंग काढलं.

"उन्हात राहिली म्हणालात ना?"

"हो."

"मग हे काय? इकडे या, बघा."

दादाने भिंगातून बघितलं. बारीक रेषांच्या मधोमध एक चकचकीत पट्टा होता. तिथे रेषाच नव्हत्या, वितळून एक झाल्या होत्या. एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळता होत गेलेला पट्टा.

"ऊन असलं काही करत नाही," बाई म्हणाल्या. "ऊन वाकवतं, जाळत नाही. हे टोक ओळखलंत? ही इस्त्री आहे. आणि मागच्या बाजूला कापडाची वीण उमटलीय. कोणीतरी खाली चादर घालून वरून इस्त्री फिरवलीय हो! तुमच्या लाटेने एवढं काही बिघडलं नव्हतं. सुईवर जरा वजन ठेवून ऐकू आली असती. मारली ती या इस्त्रीने."

दादा मोडीतून आणलेल्या स्टुलावर बसला. घरात इस्त्री एकच होती आणि ती एकाच माणसाच्या हातात असायची.

तो घरी आला तेव्हा आई वाटाणे सोलत होती. दादाने चपला काढल्या, पाणी प्यायला आणि समोर बसला.

"आई, तू त्या रेकॉर्डला इस्त्री केली होतीस?"

"कोणत्या रेकॉर्डला?"

"आई!"

"आता अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं मला काय आठवतंय?"

"वर्षं मात्र बरोबर आठवली."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने ताट बाजूला सरकवलं.

"हातरुमाल ठेवला होता मी वर," ती म्हणाली. "उघडी नाही फिरवली. तू थरथरत होतास. मला वाटलं, शर्टाच्या कॉलरसारखं असेल, एक हात फिरवला की बसेल. पहिल्यांदा बसलीही. मग म्हटलं आणखी एकदा. आणि तो रुमाल कधी सरकला, कळलंच नाही. असा घाण वास सुटला म्हणतोस! मी खिडक्या उघडून पदराने वारा घालत बसले."

"आणि बाबा?"

"त्यांना मी सांगणारच नव्हते. पण सकाळी त्यांच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली आणि पाठीवर हा एवढा काळा पट्टा! इस्त्रीला चिकटलं होतं ना ते सगळं. ते शर्ट घेऊन उभे, मी इस्त्री घेऊन उभी. मग ते जे हसायला लागले, खाली बसले हसता हसता. इतकं हसलेलं मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं."

"हसले?" दादाचा आवाज चढला. "मग मला का नाही नेलं पुन्हा? मी दर रविवारी खिडकीत उभा राहायचो. गाडी वळेपर्यंत."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तुझे चित्रकलेचे मास्तर आले होते महिनाभर आधी. म्हणाले, मुलाचा हात चांगला आहे, गणितही चांगलं आहे, रविवार मोकळे द्या त्याला. यांना पटलं होतं. पण तुला सांगायचं कसं? तू गाडीचं दार धरून बसायचास. आणि हे स्वतः तिसरीत शाळा सोडलेले. अभ्यास कर म्हणायची त्यांना लाज वाटायची. मग या रेकॉर्डचं निमित्त मिळालं. म्हणाले, दोन-चार महिने रागावलो असं समजू दे. परीक्षा झाली की घेऊन जाईन."

"परीक्षा झाल्यावर तरी कुठे नेलं?"

"तोवर तूच तोंड फिरवलं होतंस. ते दोनदा गाडीपाशी थांबले होते. तू बाहेर आलाच नाहीस, पुस्तकात डोकं. मग मीच म्हटलं, असू द्या, अभ्यासाला लागलाय. तो राग मोडू नका." आईने डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला. "चुकलंच ते. पुढे पुढे मी सांगायला गेले असते तर माझी इस्त्री निघाली असती. आणि तू माझ्याशी तरी बोलत होतास."

दादा उठला. त्याला भयंकर राग आला होता. तो जिना उतरून रस्त्यावर गेला, चौकापर्यंत गेला, पुढे पुलापर्यंत गेला. अठ्ठेचाळीस वर्षं! बाबा दवाखान्यात असताना शेवटच्या आठवड्यात त्याच्या ओठांवर आलं होतं, की बाबा, ती रेकॉर्ड माझ्यामुळे गेली. तेव्हाही धीर झाला नव्हता. बोलला असता तर बाबा पुन्हा हसले असते का? पुलाच्या कठड्याला टेकून तो बराच वेळ उभा राहिला. रागाच्या खाली काहीतरी दुसरं हलत होतं. बाबा शर्ट हातात धरून खाली बसलेत आणि हसतायत, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. त्याने ते कधी पाहिलं नव्हतं, तरी आता ते त्याचं झालं होतं.

परत आला तेव्हा आई तिथेच बसली होती आणि वाटाणे तसेच पडले होते. त्याने ताट पुढ्यात ओढलं आणि सोलायला लागला. जरा वेळाने आईनेही एक शेंग उचलली.

तिसऱ्या दिवशी तो रेकॉर्ड आणायला गेला. लॅबवाल्या बाईंनी ती काचेवर ठेवून दाखवली. कड चहूबाजूंनी टेकली होती, खालून कागदसुद्धा सरकला नसता. "एका बाजूचा मधला भाग गेला तो गेलाच," त्या म्हणाल्या. "पट्टा आला की सुई उचलून पुढे ठेवा. दुसरी बाजू जरा खरखरेल, पण वाजेल. कोणाची इस्त्री, कळलं का?"

"आईची."

"ओरडलात?"

"थोडा."

"हं," बाई म्हणाल्या आणि आपला जुना प्लेअर चार दिवसांसाठी त्याच्या हातात दिला.

रंगाचा वास अजून जात नव्हता, म्हणून आईची खुर्ची बाहेरच होती. दादाने प्लेअर स्टुलावर मांडला. आधी चांगली बाजू लावली. खरखर आली, तिच्यातून बासरी आली आणि दादाचा डावा हात, वायर गुंडाळायला धरावा तसा, आपसूक कोपरात दुमडला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. आई डोळे मिटून बसली होती. बाजू संपली.

"दुसरी लाव," ती म्हणाली.

"ती जळकी बाजू आहे."

"माझीच आहे. लाव."

पहिली धून नीट गेली. दुसरी अर्ध्यावर आली आणि ठक, सुई उडाली, पुन्हा ठक. दादाने दांडी अलगद उचलली आणि दिव्याच्या उजेडात चकचकीत पट्टा कुठे संपतो ते शोधायला लागला. खोलीत शांतता झाली आणि त्या शांततेत आई गुणगुणायला लागली. गेलेला भाग तिला सबंध येत होता. आवाज फाटका, सूर इकडे तिकडे, पण एकही वळण सुटत नव्हतं. पुढच्या खोलीत त्या रेकॉर्डवर रोज सुई तपासायचे बाबा, आणि भिंतीच्या अलीकडे ती स्वयंपाक करत असायची.

दादाला पट्ट्याचा शेवट सापडला. त्याने सुई खाली टेकवली आणि बासरी सुरू झाली.

"अरे, उचल, उचल!" आई हात हलवत म्हणाली. "मी पोचले नाही अजून तिथे."