राहिलेली दोन ठिकाणं

“इथून नको. तोफेपासून सुरुवात करा,” बाई म्हणाल्या.

मास्तर थांबले. वेशीच्या कमानीखाली उभं राहून त्यांनी नुकतंच पहिलं वाक्य उच्चारलं होतं, ‘या शहराला सात वेशी होत्या, त्यातल्या चार उरल्या.’ एकवीस वर्षं ते पाहुण्यांना शहर दाखवत होते आणि एकवीस वर्षं याच फरशीवर उभं राहून हेच वाक्य म्हणत होते. त्याआधी काही वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मध्येच कुणी अडवलं की त्यांची पुढची उजळणी विस्कटायची.

“तोफ नंतर येते, बाई. आधी वेशीची माहिती सांगतो, मग...”

“त्याचा पहिला फोटो तोफेजवळचा आहे.”

बाईंनी पिशवीतून चष्मा काढला, मग फोन काढला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. फोटोत एक पंचविशीतला तरुण तोफेवर कोपर टेकून उभा होता. खाली वेळ होती, नऊ वाजून बारा मिनिटं. मास्तरांना आधी चेहरा ओळखू आला नाही. शर्ट ओळखू आला. निळ्या पट्ट्यांचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

चौदा महिन्यांपूर्वी तो तरुण असाच एकटा आला होता. खाजगी गाडी, एक माणूस, अर्धा दिवस, पाच ठिकाणं. तिसऱ्या ठिकाणी, किल्ल्याच्या नदीकडच्या बुरुजावरून तो खाली पडला होता.

सकाळी पर्यटन कचेरीतल्या कारकुनाने मास्तरांना एवढंच सांगितलं होतं, “एक बाई आहेत, एकट्याच. तुम्हालाच मागितलंय, मास्तर. नाव झालंय तुमचं.” मास्तर त्यावर खूश झाले होते. घरातून निघताना बायकोलाही ते त्यांनी सांगितलं होतं.

“मी त्याची आई,” बाई म्हणाल्या. “तुम्ही ओळखलंत.”

“हो.”

“मला भांडायचं नाहीये. त्याने जे पाहिलं ते मला बघायचंय. त्याच क्रमाने. आणि त्याला जे सांगितलंत तेच सांगा. बाई आहे, आई आहे म्हणून काही गाळू नका.”

मास्तरांना नाही म्हणता आलं असतं. छातीत दुखतंय म्हणता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही ठरलं नसतं. ड्रायव्हर गाडीला टेकून वर्तमानपत्र वाचत होता. मास्तर तोफेकडे वळले आणि सांगू लागले. तोफ ओतली कुणी, ओढून आणायला बैल किती लागले, आणि आणल्यावर ती एकदाही उडाली कशी नाही. बाई ऐकत होत्या. मास्तर थांबले की फोनवरचा फोटो आणि समोरची तोफ आळीपाळीने बघत होत्या.

त्या पन्नाशीच्या होत्या. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करत होत्या; पांढऱ्या पडलेल्या, सुरकुतलेल्या बोटांवरून ते कळलं असतं, पण गाडीत बसल्यावर त्यांनी आपणहूनच सांगितलं. नवरा फार लवकर गेला. मुलगा एकच.

दुसरं ठिकाण राजवाडा. तिथे एक अरुंद जिना होता, आणि त्या जिन्यावर मास्तरांचा एक ठरलेला विनोद होता. तो आज सांगावा की नाही, अशा विचारात ते दोन पायऱ्या गप्प चढले.

“इथे तो हसला होता,” बाई मागून म्हणाल्या. “फोटोत दिसतंय. काय सांगितलं होतंत?”

मास्तर तिथेच थांबले. “राजाला सात राण्या आणि जिना हा एकच. दिवसभर चढउतार. म्हणून सगळ्या चित्रांत राण्या गुटगुटीत आणि राजा काडीसारखा.”

बाईंच्या तोंडावर काही हललं नाही.

“मोठ्याने हसला?”

“हो. भिंतीला हात लावून हसला. म्हणाला, हे आईला सांगायला पाहिजे. इथूनच फोन लावला त्याने तुम्हाला.”

“मला ऐकू आला नाही,” बाई म्हणाल्या. “मशीन चालू होती. बारा वाजता बघितलं तर त्याचा चुकलेला फोन होता. मी उलटा लावला. तेव्हा एका हवालदाराने उचलला.”

त्यानंतर दरबार, रंगवलेलं छत, झरोके हे सगळं मास्तरांनी सांगितलं. आवाज आपलाच असून दुसऱ्याच कुणाचा तरी येतोय असं त्यांना वाटत होतं. बुरुज बघायला बंद असेल, डागडुजी चालू असेल, असं काहीबाही मनात येत होतं. पण बुरुज उघडा होता.

वर आता छातीइतकी उंच लोखंडी जाळी बसवली होती. खांबावर कॅमेरा होता. पहारेकरी कुणी नव्हता. पूर्वी इथे फक्त एक जाड दोरी असायची, दोन कड्यांना अडकवलेली, आणि शेजारी स्टुलावर पहारेकरी. बारा वर्षं एकच माणूस होता तो. मास्तर आणि तो दुपारी एकाच सावलीत डबा खायचे. मास्तरांच्या मुलीच्या लग्नात तो दोन दिवस राबला होता. अपघातानंतर आठच दिवसांत चौकशी आटोपली. दोरी कड्यातून निसटलेली होती आणि पहारेकरी जागेवर नव्हता, असा निष्कर्ष निघाला. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि त्याची नोकरी गेली. आता तो गावाबाहेर एका गोदामात खोकी उचलायचा. साठीला आलेला माणूस.

बाई जाळीशी गेल्या. खाली बघितलं नाही त्यांनी. समोर नदी वळण घेऊन दूर जात होती, त्या वळणाकडे बघत राहिल्या.

“तुम्ही त्या वेळी कुठे होतात?”

“जिन्यात,” मास्तर म्हणाले. चौदा महिन्यांत हे वाक्यही वेशीच्या वाक्यासारखं जिभेवर बसलं होतं. “दम लागला म्हणून मागे राहिलो होतो. वर आलो तेव्हा तो नव्हता. दोरी सुटलेली होती. फोन फरशीवर पडला होता.”

“तसंच लिहिलंय चौकशीच्या कागदात.” बाईंनी फोन त्यांच्या तळहातावर ठेवला. “हाच तो फोन. पोलिसांनी पिशवीत बंद करून ठेवला, दहा महिन्यांनी बंदच परत दिला. उघडून कुणी बघितला नाही. माझ्या भाचीने उघडून दिला. बघा, ओरखडा आहे कुठे?”

फोनवर ओरखडा नव्हता.

“दगडी फरशी आहे ही,” बाई म्हणाल्या. “आता शेवटचा फोटो बघा. अकरा वाजून चार मिनिटं. पायातले बूट दिसतायत, मागे ते वळण दिसतंय. आपला आपण असा फोटो काढता येतो का? मला यातलं फार कळत नाही, म्हणून विचारते.”

फोटोतला मुलगा डोळे किलकिले करून त्यांच्याकडेच बघत होता.

“परवा मी त्या पहारेकऱ्यांकडे जाऊन आले,” बाई म्हणाल्या. “शिव्याच द्यायला गेले होते. त्यांनी मला बसायला दिलं. म्हणाले, बाई, मी दोरी नीट अडकवून गेलो होतो असं मला अजून वाटतं. पण मास्तर खोटं बोलणार नाहीत. म्हणजे सुटली असेल माझ्याच हातून.”

मास्तर जिन्याच्या वरच्या पायरीवर खाली बसले.

“दोरी मी काढली,” ते म्हणाले.

बाई जाळीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“एकटा पाहुणा असला, चौकस असला, की मी न्यायचो दोरीपलीकडे. तिथे कठडा पडून गेलेला आहे. पण वळण पूर्ण दिसतं ते तिथूनच. पाहुणा खूश होऊन जातो. पहारेकरी दोरी काढू द्यायचा नाही म्हणून त्याला चहा सांगायला मीच खाली पाठवलं. नेहमीच पाठवायचो. तो दोरी अडकवून गेला होता.” मास्तरांनी तोंडावरून हात फिरवला. “फोटो मी काढला. वळण येत नव्हतं. मी म्हणालो, एक पाऊल मागे.”

“मग?”

“गेला एक पाऊल. फोटो निघाला. त्याने विचारलं, आलं का वळण? मी म्हणालो, आलं. मग पुढे यायला त्याने पाय उचलला आणि दुसऱ्या पायाखालचा दगड गेला.”

खाली कुठेतरी शाळेच्या सहलीचा गलका चालला होता. तो वर येईपर्यंत विरून जात होता.

“ओरडला?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“खरं सांगा.”

“नाही ओरडला. दगडाचाच आवाज आला.”

बाई रडल्या नाहीत. एकदा त्यांनी जाळीला मागे हात लावला, भक्कम आहे का बघावं तसा, आणि काढून घेतला.

“का नाही सांगितलंत?”

चौदा महिने मास्तरांनी या प्रश्नाची उत्तरं स्वतःला दिली होती. गाइडचा बिल्ला जाईल, तुरुंगात जावं लागेल, मुलीच्या सासरी काय वाटेल. त्यातलं एकही आता तोंडातून बाहेर पडेना.

“भ्यालो,” ते म्हणाले.

“लिहून द्या.”

पाहुण्यांना वाटायच्या नकाशांचा गठ्ठा मास्तरांच्या झोळीत होता. एका नकाशाच्या कोऱ्या पाठीवर, मांडीवर झोळी ठेवून त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर फळ्यावरचं असावं तसं वळणदार होतं. कागद भरला, दुसरा घेतला. खाली सही करून तारीख घातली आणि दोन्ही कागद बाईंच्या हाती दिले.

बाईंनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. मग दुसरा कागद परत पुढे केला.

“‘एक पाऊल मागे’ राहिलं.”

मास्तरांनी ते समासात लिहिलं.

त्या कागदांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. मास्तरांचा बिल्ला गेला. खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. मुलगी पहिले काही महिने आईला फोन करायची, वडिलांशी बोलायची नाही. पहारेकऱ्याच्या नावावरचा ठपका पुसला गेला, पण नोकरी मिळाली नाही. जाळी आणि कॅमेरा आल्यावर ती जागाच रद्द झाली होती. मास्तर त्याच्या घरी गेले तेव्हा त्याने दार उघडलं, त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाला, “मी स्वतःवर विश्वास ठेवायचा सोडला होता, मास्तर.” त्यानंतर तो त्यांच्याशी कधी बोलला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी बुरुजावर बाईंनी कागदांची घडी घातली, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि त्या म्हणाल्या, “चला.”

“कुठे?”

“पाच ठिकाणं होती. त्याची तीन झाली. राहिलेली दोन दाखवा.”

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या खरंच जिना उतरायला लागल्या होत्या.

चौथं ठिकाण टांकसाळ. तिथे मास्तरांच्या बोलण्याला काही शेंडाबुडखा राहिला नाही. एका राजाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर गेली, मग त्यांनी ती चूक कबूल केली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं.

पाचवं ठिकाण जलघर. शहराला पूर्वी पाणी पुरवणारे तीन हौद जमिनीखाली होते. पायऱ्या उतरून जावं लागे. बहुतेक पाहुणे इथवर येईपर्यंत दमलेले असत. वरूनच डोकावून परत फिरत. बाई शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या. दोन हौद समोरच होते.

“तो पंप दुरुस्तीचं काम करायचा,” त्या म्हणाल्या. “कचेरीतून यादी आली तेव्हा त्याने याच्यावरच खूण केली होती. बाकीचं सगळं यासाठी बघायचं होतं त्याला. मला म्हणाला, पंप नसताना पाणी वर कसं चढवलं ते बघून येतो. कसं चढवलं?”

एकवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांना ते माहीत होतं. तरुणपणी एका जुन्या मिस्त्रीबरोबर बसून त्यांनी ते सगळं समजून घेतलं होतं, पण सांगायची वेळच आली नव्हती.

“चढवलंच नाही,” ते म्हणाले. “तलाव शहरापेक्षा उंचावर आहे. तिथून खापरी नळांतून उतारावर आणलं. वाटेत जागोजागी मनोरे बांधले. पाणी एका बाजूने मनोऱ्यात वर येतं, त्यातली हवा निघून जाते, आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरून पुढे जातं. हवा अडकली असती तर नळ फुटले असते.”

“नळ कुठे आहेत?”

“इथे.” मास्तर ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले. भिंतीच्या तळाशी हात घालून त्यांनी शेवाळ खरवडलं. आत खापराचं गोल तोंड दिसलं. “एकाचं तोंड दुसऱ्यात बसवलेलं आहे. सांध्यात चुना, तेल आणि कापूस कुटून भरलाय. बोट घाला, लागेल.”

बाई वाकल्या. त्यांनी बोट आत घालून सांध्यावरून गोल फिरवलं, सावकाश, पूर्ण फेरा.

“नीट काम केलंय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

बाई उठल्या. मास्तरांना उठता येईना. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता आणि फरशी निसरडी होती. त्यांनी भिंतीचा आधार घेतला, हात घसरला, पुन्हा घेतला. बाई दोन पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही. त्या निघूनही गेल्या नाहीत. पिशवी छातीशी धरून मास्तर उभे राहीपर्यंत त्या थांबल्या.

“दोन हौद झाले,” मग त्या म्हणाल्या. “तिसरा कुठे आहे?”

मास्तरांनी धोतराला हात पुसावेत तसे पॅन्टला हात पुसले आणि अंधाऱ्या बाजूला वळून ते पुढे चालू लागले.