दिवस उगवला का?

“तोंड उघड गं पाने! उघड म्हणतो ना!” मी ओरडत होतो आणि पानबाई दात आवळून बसली होती.

बसली होती कसली, शेजारच्या अंजनानं तिला भिंतीला टेकवून धरून ठेवलं होतं. साडी घामानं चिंब, ओठ पांढरेफटक, डोळे अर्धवट मिटलेले. माझ्या हातात साखर-पाण्याचा पेला. ओतूरच्या पेठेत बापापासूनचं आमचं किराणा दुकान, वर घर. खाली साखरेच्या पोत्यांची थप्पी लागलेली, आणि त्यातली चमचाभर माझ्याच बायकोच्या पोटात जाईना.

कारण दिवस मावळला होता.

पानबाईचा चौविहार. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही, औषधाची गोळीसुद्धा नाही. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा नेम. मी जैन आहे तो पर्युषणापुरता. एरवी रात्री दुकान बंद करून चिवडा हाणणारा माणूस. “तुमच्या वाटणीचं पण मीच करते,” असं ती म्हणायची. “कर बाई,” मी म्हणायचो, “वर गेल्यावर मला मागच्या दारानं आत घे.” सकाळचं एक काम तेवढं माझ्याकडे होतं. नवकारशी होईपर्यंत, म्हणजे दिवस उगवून थोडा वर येईपर्यंत, ती पाण्याचा घोट घेत नसे. मी दुकान उघडायला खाली जायचो, समोरच्या भिंतीवर ऊन उतरलं की ओट्यावरून हाक मारायचो, “उगवला गं!” मग वर चहाचं भांडं वाजायचं. घरात घड्याळ आहे, पण तिनं ते कधी बघितलं नाही. माझी हाक तिला पुरायची.

दुसऱ्या लाटेत दोघांनाही कोरोना झाला. मी घरच्या घरी खोकून उठलो, ती दवाखान्यात ऑक्सिजनवर गेली. स्टिरॉइडनं जीव वाचला, पण तेव्हा जी साखर चढली ती घरी आल्यावरही उतरली नाही. हृदयाचंही तसंच. आजार गेला आणि जाताना हृदय अशक्त करून गेला. जिना चढली की धाप, संध्याकाळी पायांवर सूज. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, “शेठ, इन्सुलिन टोचलं की जेवण पोटात गेलंच पाहिजे. साखर एकदम खाली आली तर यांचं हृदय ते सोसणार नाही.” पानबाईनं लगेच मेळ बसवला. दिवस असतानाच सुई, आणि दिवस असतानाच जेवण. मला वाटलं, चला, भागलं.

त्या संध्याकाळी सुई टोचून ती ताटावर बसणार, तेवढ्यात दारात दोन साध्वीजी. जुन्नरकडून पायी विहार करत आलेल्या, गोचरीला, म्हणजे भिक्षेला. साधू-साध्वींचे पाय घराला लागले म्हणून हिला काय करू अन् काय नको असं झालं. थोरल्या साध्वीजींनी आधी विचारलं, “तुमचं जेवण झालंय ना?” त्यांना वाढून घरच्यांना पुन्हा रांधावं लागलं तर ते त्यांना चालत नाही.

“झालंय, झालंय,” पानबाई म्हणाली.

इतका संसार झाला, पण तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. जिन्यात उभा होतो, मला हसूच आलं. त्या पुरे पुरे म्हणत होत्या आणि ही वाढत होती. भाजी, पोळ्या, सगळं गेलं. खाली गिऱ्हाईक आलं म्हणून मी उतरलो. म्हटलं, दोन पोळ्या लाटायला कितीसा वेळ लागतोय!

थंडीतला दिवस तो. हिची कणीक मळून होतेय तोवर लेण्याद्रीच्या बाजूला बुडाला. हिनं गॅस बंद केला, कणीक झाकली आणि गप बसून राहिली. मला एक हाक मारू नये? अंजना मेथीची जुडी द्यायला वर गेली म्हणून कळलं.

“शेठ, आधी वर या! भाभीचं काय खरं न्हाई! हात गार पडल्यात!”

डॉक्टर फोनवर म्हणाले, “गिळता येतंय तोवर साखर-पाणी पाजा. गाडी पाठवतो.”

आणि ही दात उघडेना.

“पच्चखाण हाय,” ती कशीबशी म्हणाली. “नेम घेतलाय. सोडा मला.”

“अगं, जिवावर बेतल्यावर कसला नेम? महाराजसाहेबसुद्धा सूट देतील.”

“मला नको सूट.”

मी शिव्या दिल्या. मग तिचे पाय धरले, खरंच धरले. अंजना तोंड फिरवून रडायला लागली. पानबाईची मान कलली. छातीवर हात ठेवला तर काळीज कसंतरीच उडत होतं, मध्येच चुकत होतं. गाडीचा पत्ता नाही. ही गेली तर मी या घरात राहू कसा, कोणासाठी दुकान उघडू, मला काही सुचेना.

तेवढ्यात तिचे ओठ हलले.

“अहो... दिवस उगवला का?”

ग्लानीत तिला रात्र सरल्यासारखं वाटत होतं. अंजना माझ्याकडे बघत राहिली. समोरच्या खिडकीतून रस्त्यावरचा दिवा दिसत होता. मी उठून खिडकी लावली.

“उगवला गं,” मी रोजच्या आवाजात म्हणालो. “ऊन भिंतीवर आलंय.”

“नवकारशी झाली?”

“झाली. घे.”

तिनं जमिनीवर हात टेकवून मूठ वळली आणि पुटपुटत नवकार मंत्र म्हणायला लागली. पच्चखाण तसंच सोडायचं असतं. “भाभी, लवकर वो,” अंजना हुंदके देत म्हणाली. तीन नवकार पुरे झाले, आणि पानबाईनं आपणहून तोंड उघडलं. पेला रिकामा केला.

गाडी आली तेव्हा ती शुद्धीवर होती. खुर्चीत बसवून तिला खाली आणलं. पेठेतले दिवे लागलेले, वर चांदण्या. तिनं आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

दवाखान्यातून येऊन आता बरेच दिवस झाले. डॉक्टरांनी इन्सुलिनच्या वेळा बदलून दिल्या. ती माझ्यावर रागावलेली नाही. वाढते, बोलते, चिवड्यावरून टोमणेही मारते. आल्यावर पहिल्या सकाळी मी ओट्यावरून हाक मारली, “उगवला गं!” वर भांडं वाजलं नाही. जिन्यात पावलं वाजली. कठडा धरून, पायरीपायरीला थांबत ती खाली आली, समोरच्या भिंतीवरचं ऊन तिनं स्वतः बघितलं, आणि मग मूठ वळली.

“अगं, कशाला उतरलीस? छातीला सोसत नाही तुझ्या.”

“असू द्या,” ती म्हणाली.

रोज तसंच. मी आता हाक मारत नाही. ओट्यावर एक खुर्ची ठेवली आहे. जिन्यात तिची धाप ऐकू आली की ती पुढे सरकवतो आणि बाजूला उभा राहतो.