जादाची किल्ली

"अलीकडच्या इमारतीची किल्ली पलीकडे, पलीकडची अलीकडे! आपल्याच जिन्यात कोणी कोणाला द्यायची नाही!"

चेकरनी टेबलावर थाप मारली आणि शाळेच्या त्या वर्गात, चिमुकल्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेल्या मोठ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. लवकर सुटका व्हावी, हाही हेतू त्यात होताच.

पोलीस चौकी, शाळा, दुकानदार आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती, अशी सगळ्यांची मोट बांधून ही सुरक्षा समिती झाली होती. गेल्या महिन्यात पलीकडचे एक आजोबा न्हाणीघरात घसरले. घराचं कुलूप ओढलं की बसणारं. दार फोडायला सुतार मिळेपर्यंत म्हातारा आत विव्हळत पडला. समोरासमोर राहूनही कोणाकडे कोणाची किल्ली नव्हती. किल्ली सोडा, धड बोलणं नव्हतं. म्हणून चेकरना ही युक्ती सुचली, आणि युक्ती नामी होती. फौजदार बाईसुद्धा म्हणाल्या, "हे आम्हाला कसं सुचलं नाही?"

चेकर म्हणजे बसमधले निवृत्त तिकीट तपासनीस. माणसाचा उभा जन्म लोकांवर संशय घेण्यात गेला. पगारच त्याचा होता, त्याला ते तरी काय करणार! पुढे पगार थांबला, संशय मात्र चालू राहिला.

पलीकडून येणाऱ्या किल्ल्यांसाठी त्यांनी स्वतःच्या घरात दाराजवळ फळी ठोकली, तिला रांगेनं हुक लावले. आठवडा गेला, पण एक किल्ली येईल तर शपथ. शेवटी बायकोनं एका हुकाला चहाची गाळणी अडकवली, दुसऱ्याला बाजाराची पिशवी.

"अगं, ती किल्ल्यांची जागा आहे!"

"आल्या की काढते. तोवर हुकांना काही कामधंदा नको?"

चेकर तडक किराणावाल्याकडे गेले. तो पलीकडच्या इमारतीत राहायचा.

"किल्लीचं काय झालं?"

"दिली की. तुमच्या तळमजल्यावरच्या आजींना."

"त्यांना? त्यांना धड दिसत नाही!"

"म्हणूनच दिली," किराणावाला साखर तोलत म्हणाला. "साहेब, राग मानू नका. परवा तुम्ही मला काय काय विचारलंत? घरातून कधी निघता, परत कधी येता, दागिने घरात असतात की बँकेत. अहो, चोरसुद्धा इतकं विचारत नाही!"

चेकर तोंड पाडून घरी आले. बायको मटार सोलत बसली होती.

"लोकांचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही गं."

"तुम्ही आपली किल्ली कोणाला दिलीत?"

चेकर चष्मा शोधू लागले. चष्मा नाकावरच होता.

"लायक माणूस सापडायला हवा ना."

"समोरच्या शिवणवाल्या बाई काय वाईट आहेत?"

"ती? एकदा बसमध्ये तिनं..."

"तिकिटाच्या एक थांबा पुढे उतरली होती! दरोडा नव्हता घातला!" बायकोनं मटाराचं ताट बाजूला सारलं. "परवा मला भोवळ आली. तुम्ही समितीत. सगळ्या जगाची दारं उघडायला निघालात, आणि मी इथं आत पडले तर? मला भीती वाटते हो."

लग्न झाल्यापासून ती हे कधी म्हणाली नव्हती. ती उंदराला भ्यायली नाही, सासूला भ्यायली नाही.  जादाची किल्ली घेऊन चेकर तसेच रस्ता ओलांडून गेले.

"या," शिवणवाल्या बाईंनी मशीन थांबवलं. "आज तिकीट काढलंय हं मी."

चेकरनी किल्ली पुढे केली. कुठे ठेवाल, घरी कोण कोण येतं, पावती देता का, सगळं अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी महाप्रयासानं गिळलं.

"मग सोडा की आता," बाई म्हणाल्या. किल्लीचं एक टोक अजून चेकरच्याच चिमटीत होतं.

पुढच्या बैठकीला चेकर जरा उशिरापर्यंत अडकले. बैठकीत फोन वाजेल त्याला दंड, हा नियम त्यांचाच. म्हणून त्यांचा फोन सगळ्यांच्या आधी बंद. घरी आले तर दार सताड उघडं. आतून शिवणवाल्या बाईंचा आवाज आला, "पडून राहा. उठायचं नाही. डॉक्टर येतीलच."

मग बायकोचा, जरा थकलेला. "आधी ह्यांना फोन लावला. बंद. जमिनीवरून उठवेना, मग तुम्हाला लावला. बरं झालं बाई, तुम्ही होतात."

"आता येतील आणि विचारतील, नक्की किती वाजता पडलीस?"

दोघी हसायला लागल्या. बायकोचं ते हसू ऐकून चेकर उंबऱ्यातच थांबले. ते चौकटीला धरून उभे राहिले. त्यांच्या ओठांवर नेमका तोच प्रश्न होता. तो तिथेच ठेवून त्यांनी डोळे पुसले, चपला काढल्या आणि उघड्या दाराची कडी हलकेच वाजवली.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"मी," चेकर म्हणाले. "आत येऊ का?"