खाली ठेवलेला फिंजान

"कॉफी पाजणार की नाही? चार मजले चढून आलोय, गुडघे बोलायला लागलेत," इरसान म्हणाला आणि गच्चीवर सरळ मांडी ठोकून बसला.

कठड्यापलीकडे उभा असलेला मुअतसिम चक्रावला. शिव्यांची त्यानं तयारी ठेवली होती, उपदेशाचीही. कॉफीची नव्हती. पण घर त्याचं, गच्ची त्याची, आणि आमच्या जबल ताज मोहल्ल्यात दारी आलेल्याला कॉफी न विचारणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

"रुबा, कॉफी आण गं!" तो ओरडला. आवाज फाटलेला होता.

मी जिन्याच्या तोंडाशी उभा. आमच्या नागरी संरक्षण दलात असल्या फोनांना सार्जंट इरसानलाच पाठवतात आणि त्याची गाडी मी चालवतो.

त्याच्या बायकोनं, रुबानं, कॉफीचा फिंजान, म्हणजे छोटा पेला, आणून दिला. इरसाननं तो तोंडाला न लावता समोर फरशीवर ठेवला. पाहुण्यानं फिंजान खाली ठेवला म्हणजे त्याचं काही मागणं आहे. यजमान हो म्हणेपर्यंत तो पिणार नाही. आणि मागणं रास्त असून तो न पिता उठला, तर घराची अब्रू गेली.

"पी," मुअतसिम म्हणाला.

"मागणं आहे."

"माहितीय तुझं मागणं. पी मुकाट्यानं!"

"निवत चाललीय."

"हलकट आहेस तू."

"बायकोही तेच म्हणते माझी. हे बघ भाऊ, नोकरी गेली, सख्ख्या भावानं दार लावून घेतलं, सगळं ऐकलं खाली. जग फार छान आहे असलं काही मी सांगणार नाही. आजच्यापुरता अलीकडे ये. एवढंच मागतोय."

मुअतसिम बराच वेळ रडला. मग म्हणाला, "पी. दिलं." आणि कठड्यावरून पाय अलीकडे टाकला. इरसाननं एका घोटात फिंजान रिकामा केला आणि त्याला घट्ट मिठीत धरलं.

तेवढ्यात पोलिसांचा कप्तान वर आला, हातात बेड्या घेऊन. चारचौघांत जीव द्यायला निघणं आमच्याकडे गुन्हा आहे. जो कसाबसा वाचला, त्याला तुरुंग! या कायद्याचा मला संताप येतो, आजही येतो.

रुबा मोठी हुशार. तिनं न सांगता कप्तानापुढेही फिंजान धरला. त्यानं तो कठड्यावर ठेवून दिला.

"कॉफी नको. मी याला न्यायला आलोय."

"म्हणजे तुमचंही मागणं आहे," इरसान उठून मध्ये उभा राहिला. "काय मुअतसिम, मान्य?"

"नाही," मुअतसिम म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा आवाज सरळ निघाला.

"ऐकलंत? यजमान नाही म्हणतो."

"सार्जंट, कायदा आहे!"

"कायदा चव्हाट्यासाठी, साहेब. ही घरातली गच्ची. आम्ही कॉफीला आलोय. विचारा माझ्या ड्रायव्हरला."

"कॉफीलाच," मी म्हणालो.

वर तक्रार करण्याची धमकी देत कप्तान जिना उतरला. मुअतसिमला आम्ही दवाखान्यात नेलं, मोकळ्या हातांनी. कप्तानाचा फिंजान कठड्यावर तसाच भरलेला राहिला.

चौकशीत इरसानच्या बाहीवरची हुद्द्याची एक पट्टी गेली. तिथलं कापड अजून गडद दिसतं. त्यानं ते झाकलं नाही, आणि मी त्याला अजून सार्जंटच म्हणतो.

पुढचा फोन पुलावरून आला.

"सार्जंट, तिथं घर नाही," मी गाडी काढत म्हणालो. "कॉफी कोण विचारणार?"

इरसान थर्मास आणि दोन फिंजान घेऊन शेजारी चढला.

"आज यजमान मी," तो म्हणाला. "चल, काढ गाडी."