जावईबापू

निरोप आला तेव्हा तांडेल होडीत वाकून जावईबापूंना पाण्यातून ओढून घेत होता.

जावईबापू म्हणजे ताडपत्रीचा, आत बुचाचे तुकडे भरलेला माणूस. या शिकाऊ जहाजावर दर सोमवारी त्याला समुद्रात फेकायचं आणि खलाशी व्हायला आलेल्या पोरांनी होडी सोडून त्याला वाचवायचं. शिकवणारा तांडेल. बाहुला शिवला होता तांडेलाच्या बायकोने, घरी, जमिनीवर बसून. नावही तिनेच ठेवलेलं.

"अख्खं जहाज दिमतीला धावतं, म्हणजे जावईच की! मुलगी नाही झाली, पण जावई मिळाला."

कप्तान कठड्याशी कागद घेऊन उभा होता. तरुणपणी तोही याच तांडेलाच्या हाताखाली वल्हं धरायला शिकला होता.

"तांडेल, तुम्ही आधी वर या."

"जावईबापूंना चढवू द्या, साहेब. पोरांचं घड्याळ चालू आहे."

कप्तानाने चढवू दिलं. मग सांगितलं. तांडेलाची बायको सकाळी चहा टाकता टाकताच गेली होती.

किनारा दोन दिवसांवर होता. तांडेल घरी पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मेहुणीने भांडीसुद्धा घासून पालथी घातली होती.

तो कामावर परतला. पहिल्याच सरावात जावईबापूंची काखेतली शिवण उसवली आणि आतली बुचं बाहेर सांडून ते बुडायला लागले. तेव्हापासून त्यांच्याऐवजी रबरी कडं फेकतात. पोरं रमतगमत वल्हवतात.

"कड्यासाठी कोण जीव तोडणार?" कप्तान म्हणाला. "उद्या खराच कुणी पडला तर? तुम्ही शिडं शिवणारे. चार टाक्यांना चार महिने?"

"घालतो, साहेब."

तांडेल रोज दुपारी सुई घेऊन बसतो. शिडाचा दणकट टाका त्याला डोळे मिटूनही येतो. पण बाहुला शिवताना त्याने मदत म्हणून तसा एक घातला, तेव्हा बायकोने तो लगेच उसवला होता.

"अहो, हा शिडाला ठीक. माणसाला बारीक लागतो."

मग दाखव कसा घालतेस, असं म्हणायचं त्याला तेव्हा सुचलं नाही. आता तो दोन टाके घालतो, तिच्या टाक्यांशी ताडून बघतो आणि उसवतो.

"जाडच घाला ना," कप्तान एकदा जवळ बसून म्हणाला. "पाण्यात कोण बघतंय?"

"मी बघतोय ना, साहेब."

सोमवारी पोरांची नवी तुकडी येते आहे. काख अजून शिवायची राहिली आहे.