बोरूच्या बनातले पिल्लू

“बघून सांग, केवढं होईल हे?” पलवनियाजने टोपीतून पिल्लू काढून भट्टीशेजारच्या फळीवर ठेवले.

चिंबाई गावच्या बाजारात बीबीजमाल तंदुरात रोट्या भाजायची. पिल्लाचे पंजे, पाय चाचपून ते पुढे केवढे होईल हे ती सांगायची, म्हणून लोक मांजर पाळण्याआधी तिच्याकडे आणत. पण पलवनियाज, तिचा मोठा दीर, आज पहिल्यांदाच आला होता. तिचा नवरा कालव्यात बुडाला, तेव्हा ‘हिच्याच पायगुणानं माझा भाऊ गेला’ म्हणत यानेच तिची पेटी दाराबाहेर ठेवली होती. घर घेतले, नवऱ्याची कबुतरेही घेतली.

“कुठं सापडलं, भावोजी?”

“नदीकाठी, बोरू कापताना. खुराड्यात उंदीर झालेत, अंडी ठेवत नाहीत. पण मांजर लहानखुरं हवं. मोठं असलं तर कबुतरांनाच धरायचं.”

तिने पिल्लू तळहातावर घेतले. पाय लांब, पंजे रुंद, शेपूट आखूड, कानांच्या टोकांना काळे केस. रानमांजर. तिच्या बोटाची ऊब लागताच ते घुरघुरू लागले.

खोटे सांगणे सोपे होते. पण मग उद्या तो तिच्याच नावाने गावभर ओरडला असता. शिवाय याला ती चांगली ओळखून होती. त्या घरात असताना ती ‘रश्श्यात मीठ जास्त झालंय’ म्हणाली, की हा आणखी चिमूटभर घालून प्यायचा.

“रानमांजर आहे हे,” ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. शेजारची खरबूजवाली तोतीगुल वळून पाहू लागली. “कुत्र्याएवढं होईल. एक कबूतर शिल्लक ठेवायचं नाही. आणलंत तिथं सोडून या.”

पलवनियाज हसला. “उंदरांनी माझी अंडी खावीत, हेच वाटतं ना तुला?”

“वाटतं. पण सांगितलं ते खरं आहे.”

“मग आता ठेवतोच.”

तो गेल्यावर तोतीगुल म्हणाली, “मोठ्या मनाची बाई तू. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.”

बीबीजमालने भट्टीतली रोटी ओढून काढली. “मन कसलं डोंबलाचं. तो ऐकणार नाही, म्हणून सांगितलं.”

हिवाळाभर ती गिऱ्हाइकांकडून चौकशी करत राहिली. मांजर गुडघ्याला लागतंय म्हणे, असे कुणी सांगितले की तिला त्या दिवशी जेवण गोड लागायचे.

वसंतात पलवनियाज एका लग्नाला परगावी गेला. परतला तेव्हा गल्लीभर पिसे उडत होती. तो तसाच बाजारात आला आणि एक पोते त्याने बीबीजमालच्या पायाशी आपटले.

“तुझी नजर लागली.”

“नजर कसली?” तोतीगुल म्हणाली. “माझ्यासमोर सांगितलं होतं तिनं. तुम्हीच दात काढलेत.”

माणसे जमली होती. कुणीतरी हसले. पलवनियाज मान खाली घालून निघून गेला. बीबीजमाल तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली. इतकी वर्षे तिला एवढेच हवे होते.

मग तिने पोते उघडले. आतल्या मांजराचे डोके फावड्याच्या घावाने फुटले होते. मांजर तिने सांगितले तेवढेच झाले होते. कबुतरांचा विचार तिने केला होता, दिराचा केला होता. या मांजराचा एकदाही केला नव्हता.

“तोतीगुल, रोट्या बघ जरा.”

तिने मांजर खांद्यावर घेतले आणि नदीची वाट धरली. त्याचे लांब मागचे पाय चालताना तिच्या कमरेवर आपटत होते. थोडे पुढे गेल्यावर तिने ते एका हाताने धरून ठेवले.